कदाचित नसेलही

३ मार्च

बारके,

मायन्यातच अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. 'चि.' लिहावं तर तू एक्कावन्न वर्षांची घोडी झालीस. नुसतं नाव लिहिलं तर नोटीस पाठवल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी घरातलं नाव लिहिलं. आवडलं नाही तर मार काट, काट मारण्यात आपल्या घराचा हात कोणी धरणार नाही.

नऊ वर्षांनी तुझं कार्ड आलं आणि त्यात मोजून चार ओळी. 'ताई, माझ्या जबाबाचा कच्चा कागद तुझ्याकडे आहे का? हॉस्पिटलने जुन्या चौकशांच्या फेरविचारासाठी समिती नेमली आहे. अर्ज ३० एप्रिलपर्यंत. असला तर पाठव.' झालं! कशी आहेस नाही, गुडघे काय म्हणतात नाही. वाण्याला यादी देताना माणूस याहून गोड लिहितो. मी मेले की जिवंत आहे तेवढं तरी विचारायचंस. कागद मेलेली माणसं पाठवत नाहीत.

तुला सगळं पाठ असेल, पण नऊ वर्षं तुझीच बाजू फिरते आहे, मावशीकडे, मामेबहिणींकडे, सगळीकडे. मलाही एकदा माझ्या बाजूने लिहू दे. हॉस्पिटलच्या लशीच्या भांडारात तू होतीस. संध्याकाळी भांडार बंद करून तू घरी आलीस. सकाळी फ्रीजचं दार बोटभर उघडं सापडलं, आणि लशीच्या चारशे बाटल्या फेकून द्याव्या लागल्या. किल्ल्या दोन, एक तुझ्याकडे, एक भांडारप्रमुखाकडे. तो लिहून मोकळा झाला, 'मी त्या संध्याकाळी तिकडे फिरकलोच नाही.' तुझ्याकडे लेखी जबाब मागितला. तू रडत माझ्याकडे आलीस, हातात कच्चा कागद. म्हणालीस, 'ताई, तू भाषेतली आहेस, जरा नीट करून दे.' मी नीट करून दिला, माझ्या अक्षरात, स्वच्छ. तू न वाचता सही ठोकलीस. मी म्हटलं होतं, वाचून घे. तू म्हणालीस, 'तू लिहिलंयस ना, मग काय वाचायचं.'

एवढंच झालं. मी एक शब्द काढला, एक! 'कदाचित.' तो वाक्यात जास्तीचा होता म्हणून काढला, जसे रोज शंभर काढते. त्यावरून तू बोलणं टाकलंस, शहर सोडलंस, आई गेली तेव्हा खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पाठमोरी बसलीस. केलं तुका आणि झालं माका, दुसरं काय.

कागदाचं म्हणशील तर मध्ये मी घर बदललं. कदाचित रद्दीत गेला असेल. बघते.

ताई


१९ मार्च

बारके,

तुझं दुसरं कार्ड मिळालं. 'नीट शोध. तुझ्याकडे कागद हरवत नाहीत.' ही स्तुती समजावी की टोमणा?

निदान या खेपेला दोन ओळी जास्त आहेत. म्हणजे तिथल्या दवाखान्यात लशीच्या विभागात जागा आहे, डॉक्टरीणबाई तुला घ्यायला तयार आहेत, पण तुझ्या जुन्या कागदावरचा 'निष्काळजीपणा स्वतः कबूल केला' हा शेरा पुसल्याशिवाय घेता येत नाही. तोवर लॉजच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या. मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिकडे काहीतरी बरं चाललं असेल. विचारलं नाही, हे खरं. पण तू तरी कुठे सांगितलंस?

गंमत बघ, किंवा बघू नकोस. आमच्या कोशकचेरीत सध्या 'क'चं काम चालू आहे, आणि 'कदाचित'ची नोंद माझ्या टेबलावर आली आहे. एक जुना बुटाचा खोका, त्यात दोनशे बारा चिठ्ठ्या. तीस वर्षांत कोणी कोणी पुस्तकं वाचून, जिथे हा शब्द दिसला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून ठेवलं आहे. मी रोज सकाळी साडेदहाला बसते आणि दोनशे बारा माणसांच्या शंका वाचते. कंटाळा येईल असं वाटलं होतं, येत नाही.

पूर्वी या शब्दाच्या शेवटच्या 'त'चा पाय मोडलेला असायचा. नव्या नियमांनी तो सरळ केला. लंगडा शब्द चालता झाला, पण धावत कधी नाही. आणि मूळ संस्कृतात त्याचा अर्थ शंका नव्हेच. 'कदा' म्हणजे केव्हा, त्याला शेपूट लागलं की 'केव्हातरी'. केव्हातरी होईल, केव्हातरी येईल. माणसांनी इतकी वर्षं केव्हातरीची वाट पाहिली की शेवटी त्याचा अर्थ 'येईल की नाही कोण जाणे' असा झाला. ही व्युत्पत्ती मी नोंदीत लिहिणार नाही, मुख्य संपादक माझे कान धरतील.

कवी लोक हा शब्द उसासा टाकायला वापरतात. कथावाले जास्त बेरकी. सांगणारा जिथे खोटं बोलतो तिथे नेमका 'कदाचित' येतो, आणि चांगला वाचक तिथेच कान टवकारतो. प्रेमपत्रांतून तर नुसता सडा. एक मात्र खरं, दोनशे बारा चिठ्ठ्यांत चौकशीच्या कागदातून, कोर्टातून, दफ्तरातून आलेली एकही नाही. तिकडे हा शब्द कोणी राहू देत नसावं.

आता तू म्हणशील, कोण राहू देत नाही ते तुलाच ठाऊक. थांब, माझं ऐक. आमच्या कचेरीत भिंतीवर नियम लावले आहेत, त्यातला सातवा: 'क्रियापदातच शंका असेल तर शंकेचा वेगळा शब्द नको.' 'कदाचित आला असेल' यात 'असेल' पुरे, 'कदाचित' ही द्विरुक्ती. तीस वर्षं हेच केलं मी. तू लिहिलं होतंस, 'कदाचित दार माझ्याकडूनच उघडं राहिलं असेल.' मी ठेवलं, 'दार माझ्याकडूनच उघडं राहिलं असेल.' शंका होतीच की त्यात! 'असेल' होतं! चौकशीवाल्यांना वाचता येत नाही त्याला मी काय करू?

कागद अजून मिळाला नाही. माळा बघायचा राहिला आहे.

ताई


६ एप्रिल

बारके,

आज एक माणूस आला होता, त्याच्याबद्दल लिहिते. माझा फ्रीज आठ दिवस गळत होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून मेकॅनिक पाठवला. पन्नाशीचा, चष्मा दोऱ्याने कानाला बांधलेला, बोलायला एकदम गप्पिष्ट. दाराच्या कडेचं रबर ओढून बघत म्हणाला, 'हे गेलंय बाई. रबर गेलं की दार चिकटत नाही. तुम्ही लावता आणि जाता, ते आपलं हळूच सुटतं.'

मी सहज म्हणून विचारलं, मोठे फ्रीजही करता का. तर म्हणाला, 'मोठ्या हॉस्पिटलात वीस वर्षं कंत्राट होतं आमचं. लशीचे, रक्ताचे, सगळे.'

मी कप खाली ठेवला. मी लशीच्या भांडारातल्या फ्रीजचं विचारलं, पांढरा, दोन दारांचा, तू सांगायचीस तो. त्याला आठवला. 'अहो तो ना! त्याच्या डाव्या दाराचं रबर मेलेलं होतं. मी दोनदा लिहून दिलं, बदला म्हणून. भांडारप्रमुख म्हणाले, बघू. पुढे कुणीतरी पोरगी त्यात गेली कामावरून.'

पोरगी म्हणाला तुला, बरं वाटेल म्हणून सांगते.

मी म्हटलं, 'मग त्या रात्री दार आपलं आपणच सुटलं असेल?'

'असेल की.'

'असेल म्हणजे? सुटलं होतं ना?'

'कदाचित.'

'कदाचित काय! तुम्ही मेकॅनिक, नक्की सांगा.'

त्याने पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, मास्तर मठ्ठ मुलाकडे बघतो तसं. 'बाई, मी तिथे होतो का? रबर मेलेलं होतं हे नक्की. मेलेल्या रबराचं दारसुद्धा दाबून लावलं तर कधी कधी रात्रभर टिकतं. आणि चांगल्या रबराचं दारही माणूस विसरून उघडं टाकतो. न बघितलेल्याचं नक्की कसं सांगू? देव आहे का मी?'

मी चिडले, खरंच चिडले. त्याला म्हटलं, असं नरो वा कुंजरो वा करू नका, एका माणसाच्या जगण्याचा प्रश्न आहे. तर तो म्हणतो, 'म्हणूनच तर.' आणि परत रबर बसवायला लागला. मी विचारलं, एवढं तरी लिहून द्याल? म्हणाला, रबराचं लिहून देतो, दाराचं नाही. त्याचा कागद सोबत जोडते आहे. अक्षर वाईट आहे, पण सही आहे.

तो गेल्यावर मला आपलं जुनं फाटक आठवलं. तुला आठवतं? मी बारा वर्षांची, तू सहा. फाटक उघडं राहिलं आणि कुत्रा गेला तो गेलाच. बाबांनी आपल्या दोघींना उभं केलं, 'कोणी उघडं टाकलं?' मी ठणकावून सांगितलं, 'मी नाही.' तू बिचारी विचार करत बसलीस. खालचा ओठ चावत म्हणालीस, 'कदाचित मीच असेन.' सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडी 'कदाचित', कुठून शिकलीस कोण जाणे, बहुतेक माझ्याच धड्यांतून. मार तू खाल्लास.

मी त्या दिवशी शेवटची फाटकातून आले की नाही, मला आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. पण 'मी नाही' हे वाक्य व्याकरणाने इतकं शुद्ध होतं की कोणी पुढे विचारलंच नाही.

रोज करतो ती गोष्ट कोणाला आठवते? मी आज सकाळी कडी लावली का, शपथेवर सांगता येणार नाही. तरी कोणी विचारलं तर 'हो, लावली' म्हणेन, आणि लोक मला काळजी घेणारी बाई म्हणतील.

ताई


२१ एप्रिल

बारके,

कागद माझ्याकडे आहे.

माळ्यावर नाही, रद्दीत नाही. टेबलाच्या डाव्या खणात आहे, नियमांच्या जाड पुस्तकात, 'द्विरुक्ती' या पानाशी. नऊ वर्षं तिथेच आहे. घर बदललं तेव्हा पुस्तकासकट मी स्वतः हातात धरून आणला. म्हणजे तुला ३ मार्चला लिहिलेला 'कदाचित रद्दीत गेला असेल', तो 'कदाचित' खोटा होता. तुझा खरा 'कदाचित' मी काढला आणि माझा खोटा तुला पाठवला. हसू नकोस. किंवा हस, तुझा हक्क आहे.

आज दुपारी कचेरीतून लवकर आले आणि तो कागद नऊ वर्षांत पहिल्यांदा पूर्ण वाचला. तुझ्या गोल, शाळकरी अक्षरात हे आहे:

'मी रोज दार लावते. त्या दिवशी लावल्याचं आठवत नाही, न लावल्याचंही आठवत नाही. कदाचित दार माझ्याकडूनच उघडं राहिलं असेल, कदाचित नसेलही.'

आणि त्यावर माझी लाल शाई. एक शब्द काढला असं मी सगळ्यांना सांगत आले, तुलाही लिहिलं. एक नाही. 'न लावल्याचंही आठवत नाही' यावर आडवी काट आणि समासात माझा शेरा, 'पुनरुक्ती'. पहिल्या 'कदाचित'वर काट, शेरा, 'अनावश्यक'. 'कदाचित नसेलही' यावर काट, शेरा, 'फापटपसारा'. उरलं काय, वाच:

'मी रोज दार लावते. त्या दिवशी लावल्याचं आठवत नाही. दार माझ्याकडूनच उघडं राहिलं असेल.'

एकही चूक नाही. कोणत्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळतील. आणि हा सरळसरळ कबुलीजबाब आहे. गेला महिनाभर दोनशे बारा चिठ्ठ्या वाचून मला जे कळलं ते शाळेतल्या पोराला कळतं. 'तो आला असेल' म्हणजे बहुतेक आलाच. 'कदाचित तो आला असेल' म्हणजे माहीत नाही. सातवा नियम चुकीचा आहे. तीस वर्षं भिंतीवर आहे आणि चुकीचा आहे. मी मुख्य संपादकांना सांगितलं, ते म्हणाले, 'बघू.' भांडारप्रमुखासारखेच.

पण सगळं नियमावर ढकलून मी सुटणार नाही, आज तरी नको. त्याच आठवड्यात मी दुसऱ्या एका बाईंचं आत्मकथन तपासत होते. त्यांच्या एका पानावर चार 'कदाचित' होते. मी एकालाही हात लावला नाही. म्हटलं, बाई चाचपडते आहे, चाचपडू दे. म्हणजे मला कळत होतं. तुझ्याच कागदावर नियम आठवला.

का, ते सांगते. मला शंकाच नव्हती गं. तू रडत आत आलीस तेव्हाच माझ्या मनाने निकाल दिला होता की हिनेच उघडं टाकलं असणार, वेंधळी पहिल्यापासून, फाटकापासून. मी शब्द काढला नाही, माझ्या मनात जे नव्हतं ते कागदावरून पुसलं. तुझ्या जबाबावर सही तुझी आहे, पण त्यातलं मत माझं आहे. हॉस्पिटलने तुला निष्काळजी म्हणायच्या आधी मी म्हटलं होतं, चांगल्या अक्षरात.

आणि ज्या फाटकाच्या भरवशावर मी तुला वेंधळी ठरवलं, ते फाटक कदाचित मीच उघडं टाकलं होतं.

उद्या कागद पाठवते. सोबत माझं निवेदन जोडते, की या काटा माझ्या, शेरे माझे, अर्जदाराचे मूळ शब्द असे होते. मेकॅनिकचा कागद तुझ्याकडे आहेच. तिन्ही मिळून समितीला विचार करावाच लागेल.

आणखी एक. नोंदीत मला उदाहरणाचं वाक्य हवं आहे. दोनशे बारा चिठ्ठ्यांत तुझ्या वाक्याच्या तोडीचं एकही नाही. ते मी घातलं तर? पुढची शंभर वर्षं कोशात राहील.

ताई


२८ एप्रिल

बारके,

'उद्या' म्हणून आज सातवा दिवस. तुझं कार्ड काल आलं. 'माझं वाक्य तुझ्या कोशात घालू नकोस. ते कागदावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. कागद पाठव.'

नाही घालत. नोंदीत 'कदाचित तो उद्या येईल' हे वाक्य घातलं आहे. पुळचट आहे, पण कोणाच्या पोटावर पाय देत नाही.

आता उशिराचं. निवेदन लिहायला बसले आणि अकरा वेळा लिहिलं. 'माझ्या हातून बदल झाले' असं लिहिलं, तर वाटलं बदल आपोआप झाले, दार सुटलं तसे. 'मी बदल केले' असं लिहिलं. मग 'भाषेच्या सोयीसाठी' घातलं, काढलं, परत घातलं. शुद्धलेखन तीनदा तपासलं. तू म्हणशील, बुडत्याला दोर टाकताना ही गाठीचं सौंदर्य बघत बसली. म्हण.

आणि हेही लपवत नाही, कारण तुला कुठून तरी कळेलच. आमचे मुख्य संपादक निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी कोण, हे ठरवायची बैठक काल, २७ला होती. नेमणूक मंडळातले एक गृहस्थ तुझ्या हॉस्पिटलचे विश्वस्तही आहेत. बैठक झाली, माझं नाव ठरलं. आज सकाळी मी टपालात गेले आणि पाकीट रजिस्टर केलं, पावती सोबत नाही, माझ्याकडे आहे. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दोन दिवसांत पोचतं.

तू तारखा जुळवशीलच. मी तुझ्या जागी असते तर मीही जुळवल्या असत्या.

मूळ कागद पाठवला आहे, झेरॉक्स नव्हे. लाल शाई झेरॉक्समध्ये काळी दिसते आणि मग कोणाची काट कोणाची ते कळत नाही.

ताई


९ मे

बारके,

तुझं कार्ड समोर आहे. 'पाकीट २ मेला मिळालं. अर्ज घेणं ३०ला संपलं. मी ४ तारखेला स्वतः जाऊन आले, सहा तासांचा प्रवास करून. खिडकीतला माणूस म्हणाला, फाइल बंद झाली, वरातीमागून घोडं काय कामाचं. दवाखान्याने दुसरी बाई घेतली. एकच विचारते, आणि त्यावर भाषण नको. मुद्दाम उशीर केलास का?'

तू तो कागद छातीशी धरून सहा तास बसून गेली असशील, तू तशीच आहेस. आणि तसंच धरून परत आली असशील. मी काल त्या हॉस्पिटलात जाऊन आले. माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, नवा. त्या माणसाने तुला सांगितलं तेच मलाही सांगितलं. म्हणाला, 'तीस तारखेच्या आत आला असता तर घेतलाच असता हो, अशा लाल शाईच्या कागदाला कोण नाही म्हणणार?' मी विश्वस्तांना पत्र टाकलं आहे. सगळं लिहिलं आहे, आमच्या मंडळालाही एक प्रत दिली आहे. त्याने फाइल उघडेल असं मला वाटत नाही. तुला खोटी आशा लावत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी तीन दिवस लिहिते आहे.

पहिल्यांदा लिहिलं, 'नाही.' फाटकाच्या वेळी म्हटलं होतं तसं, ठणकावून. वाचलं आणि फाडलं.

मग लिहिलं, 'हो, मुद्दाम केला.' हे लिहिताना बरं वाटलं, अगदी मोकळं. म्हणून संशय आला. स्वतःला एकदा गुन्हेगार ठरवून टाकलं की पुढे काही बघावं लागत नाही, तुझ्यावर जे केलं तेच स्वतःवर करायचं आणि हात झटकायचे. तेही फाडलं.

मग आठवू लागले. एकवीस ते अठ्ठावीस, एकेक दिवस. निवेदन खरंच जमत नव्हतं, हे आठवतं. शब्द खरंच अडत होते. पण तेविसाव्या तारखेला पाकीट बंद करून दाराशी गेले होते, चप्पल घातली होती, हेही आठवतं. आणि मग 'सोयीसाठी' हा शब्द खटकला म्हणून परत आले. शब्दासाठी परत आले की बैठकीसाठी, ते मी त्या चपलेतल्या बाईला विचारते आहे, आणि ती खालचा ओठ चावत उभी आहे. तिला आठवत नाही. ती खोटं बोलत नाही आहे गं, तिला खरंच सांगता येत नाही.

तू त्या दिवशी माझ्यासमोर अशीच उभी होतीस. मी तुला म्हणाले होते, 'ठाम लिही, असं काय घाबरटासारखं!' मला वाटायचं हा पळपुट्यांचा शब्द आहे. आज पहिल्यांदा तो मला माझ्यासाठी लागतो आहे, आणि तो लिहायला किती जिगर लागते ते कळतं आहे. समोरचा त्याचं काय करेल हे आपल्या हातात राहत नाही. तू मला तो कागद दिलास तेव्हा तुझ्याही हातात राहिलं नव्हतं.

माफी मागत नाही. तू म्हणालीस भाषण नको.

उत्तर हे:

कदाचित मी मुद्दामच उशीर केला असेल, कदाचित नसेलही.

दोनदा तपासलं आहे. यात एकही शब्द जास्तीचा नाही.

ताई